वेळात वेळ

लहानसहान सुखांवरचं पुस्तक हातात आलं की वाचक दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, लिहिणाऱ्याकडे रग्गड वेळ असणार. दोन, पुस्तकात पाऊस असणार आणि पावसाबरोबर भजी. या संग्रहात पाऊस आहे. भजी मी संपादक म्हणून जमेल तितकी गाळली आहेत. पहिल्या गृहीतकाशी मात्र माझं भांडण आहे, आणि ही प्रस्तावना बरीचशी त्या भांडणापायीच लांबली आहे.

माझं म्हणणं असं, की रोजच्या जगण्यातलं बारीक सुख रिकाम्या वेळात क्वचितच सापडतं. ते कामाच्या अधेमधे, कामाच्या कडेला, बरेचदा कामातूनच निघतं. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला मिळणारी वीतभर जागा घ्या. संध्याकाळी दादरला चढून ठाण्यापर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाला ती मिळते, तेव्हा त्याच्या टाचांना जे वाटतं ते दुपारच्या मोकळ्या गाडीत खिडकीशी बसून जाणाऱ्याला कुठून कळणार? खिरीच्या पातेल्याची खरवड ही पातेलं घासायला बसलेल्याच्या वाट्याची. मुक्कामी एसटीच्या कंडक्टरचं सुख रोकड आणि मशीनवरचा आकडा जुळल्यावर सुरू होतं, त्याआधी नाही. गोव्यात पहाटे पोदेराच्या सायकलचा भोंगा अंथरुणात ऐकणाऱ्याला गोड लागतो, यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. पण पोदेराचंही एक सुख असणार: दारोदार पाव देत जाताना मागची टोपली हलकी होत जाते, ते.

मनात येऊन जाणाऱ्या विचारांचंही तेच. बादली भरेपर्यंत, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत, बँकेत आपला नंबर लागेपर्यंत डोक्यात जे चालतं त्याला कुणी चिंतन म्हणत नाही. पण माणसाचं बहुतेक चिंतन तिथेच उरकतं.

या लेखनाची वंशावळ सांगताना सुरुवात बहुधा फ्रान्सच्या मिशेल द मॉन्तेनपासून करतात. बोर्दोच्या न्यायालयातली नोकरी सोडून तो १५७१ साली आपल्या वाड्याच्या बुरुजात जाऊन बसला आणि १५८० साली त्याच्या निबंधांची पहिली आवृत्ती निघाली. इस्टेट होती, बुरुजात पुस्तकं होती, वेळ होता. म्हणजे माझ्या म्हणण्याला पहिलाच माणूस अपवाद निघाला. कान खाजवण्यात किती सुख आहे हे त्याने निःसंकोच लिहून ठेवलं आहे. खरबूज आवडतं हेही सांगितलं आहे. पण ज्या निबंधात हे येतं त्याच निबंधात मूतखडाही आहे. खडा पडून गेल्यावर एकदम जी स्वस्थता येते, तिच्याबद्दल मॉन्तेन ज्या बारकाईने लिहितो ती निव्वळ बुरुजात बसून येत नाही. जपानमध्ये त्याच्याही आधी साडेपाचशेहून अधिक वर्षं, सेई शोनागोन नावाची दरबारातली बाई आवडीनिवडींच्या याद्या लिहीत होती. ती सम्राज्ञीच्या सेवेत होती. तिच्या याद्यांमागे ताटकळण्याचे बरेच तास आहेत.

मला खरा थांबवतो तो चार्ल्स लॅम. १७९२ ते १८२५ अशी ३३ वर्षं त्याने लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकुनी केली. नीळ, कापूस, रेशीम यांचे हिशेब दिवसा, आणि निबंध उरलेल्या वेळात. १८१७च्या नोव्हेंबरात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं तेव्हा हा भला माणूस तिकडे त्याच कंपनीच्या चोपड्यांत आकडे मांडत होता. त्याच्या सुखांचा पगार कुठून येत होता हे मराठी वाचकाने विसरू नये, इतकंच. त्याने लॅमची गोडी कमी होत नाही. घरी दुखणं मोठं होतं. बहीण मेरी हिने १७९६ साली वेडाच्या झटक्यात आईचा जीव घेतला होता, आणि तिला सांभाळण्याचं त्याने जन्मभर पत्करलं. ‘इलिया’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधांत भाजलेलं डुकराचं पिल्लू येतं, जुनी चिनी मातीची भांडी येतात. ते वाचताना हे घर आठवलं की त्यातला हलकेपणा केवढ्या वजनाखालून काढलेला आहे ते कळतं. आणि मग कंपनीने पेन्शन देऊन त्याला मोकळं केलं. त्या सुटकेवर त्याने लिहिलेला निबंध या सगळ्या साहित्यातला मला सर्वांत खरा वाटतो, कारण त्यात तो कबूल करतो की रोज सुट्टी झाल्यावर सुट्टीची चवच गेली. रविवार कुठला आणि सोमवार कुठला हे कळेना. जुन्या कचेरीत जाऊन तो आपलं मेज बघून येतो. तिथे दुसराच कुणी बसलेला असतो.

आपल्याकडची मुळं शोधताना लोक सहसा इंग्रजी अमलापासून सुरुवात करतात. मी थोडा मागे जाईन. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ जमवलं ते चक्रधरस्वामींच्या आठवणींचं. भक्तांना गाठून, विचारून, पडताळून त्यांनी जे लिहिलं त्यात तत्त्वज्ञान आहेच; पण स्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाशी काय थट्टा केली हेही तितक्याच आस्थेने आहे. मराठी गद्याच्या आरंभाच्या या ग्रंथात असा बारीकसारीक तपशील टिपला गेला, याचा आम्हां निबंधवाल्यांना अभिमान वाटायला हरकत नाही.

दुसरं मूळ जात्यापाशी आहे. पहाटे अंधारात दळण घालून बसलेल्या बायकांनी ओव्या रचल्या, त्यांत भावाची वाट पाहणं आहे, लेकराचं नहाण आहे, शेजारणीची माया आहे, सासरचा जाच आहे, विठोबाशी चाललेलं भांडण आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये त्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि त्याबरोबर रचण्याची ती वेळही गेली. दळणाचं काम सुटलं हे चांगलंच झालं. त्या कष्टांबद्दल हळहळणारा माणूस बहुधा दळायला बसलेला नसतो. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: मराठीत लहान सुखांवरची सर्वांत मोठी रचना ज्यांनी केली त्यांना फुरसत नव्हती. हात जात्याच्या खुंट्याला, तोंड मोकळं, एवढीच सवड. ‘वेळात वेळ काढणं’ म्हणजे काय ते या बायकांना विचारावं.

छापील मराठी निबंध जन्मला तो मात्र लढाऊ. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. आगरकरांच्या ‘सुधारका’त आणि शिवरामपंत परांजप्यांच्या ‘काळ’मध्ये निबंध हे हत्यार होतं. देश, धर्म, समाज एवढ्या मोठ्या गोष्टी समोर असताना उशीची खोळ किंवा हरवलेली किल्ली याबद्दल लिहिणं त्यांना पोरकट वाटलं असतं. तो ताण पहिल्यांदा ढिला केला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नी. सुधारणेचंच काम, पण हसत.

मग १९२६च्या सुमारास ‘रत्नाकर’ मासिकात ना. सी. फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’ येऊ लागल्या आणि मराठी निबंधाने कोट काढून खुंटीला लावला. फडक्यांसमोर इंग्रजी लेखक होते हे उघड आहे: गार्डिनर, ल्युकस, लिंड ही नियतकालिकांतून लिहिणारी मंडळी. वाचकाशी गप्पा मारत, किरकोळ विषयाचं बोट धरून निघायचं, मध्ये एखादी आठवण, एखादी गंमत, आणि शेवटी हळूच एक विचार. ही चाल त्यांनी इतकी सफाईने बसवली की पुढची वीस वर्षं मराठी नियतकालिकं तिच्यावर चालली. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत असताना याच काळात लिहीत होते. त्यांचा लघुनिबंध फडक्यांपेक्षा हळवा, कल्पनेला जास्त वाव देणारा, आणि गरिबीकडे पाहिल्याशिवाय पुढे न जाणारा. अनंत काणेकरांचं ‘पिकली पाने’ १९३४चं. त्यांच्याकडे उलटं बोलून वाचकाला चमकवण्याची हौस होती आणि सामाजिक टोचणीही. या तिघांची नावं परीक्षेच्या उत्तरांत एका दमात घेतात. वाचायला घेतल्यावर मात्र ते एकमेकांचे फारसे नातेवाईक वाटत नाहीत.

या प्रकाराला उतरती कळा का लागली याची कारणं बरीच सांगता येतील. मला मुख्य वाटतं ते असं: चाल ठरली, आणि ठरलेल्या चालीत खुर्ची आली. आरामखुर्ची, खिडकी, चहाचा कप, आणि शेवटच्या परिच्छेदात जीवनाविषयी काहीतरी. खुर्चीत बसलेल्याला चहा दिसत होता. चहा करून आणणारी दिसत नव्हती. सुख कुणाच्या कष्टांवर उभं आहे हे पुसून टाकलं की उरतो तो गोडवा, आणि गोडवा फार पानं पुरत नाही.

त्यातून बाहेर काढलं निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या वाटांनी. विंदा करंदीकरांनी ‘स्पर्शाची पालवी’ (१९५८) मध्ये विचार डोक्यातून काढून त्वचेत आणला. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) झाडं, ढग, रंग यांच्याकडे पाहण्याची अशी शिस्त घालून दिली की त्यानंतर ‘हिरवीगार झाडी’ असं लिहिताना लेखकाला थोडी लाज वाटावी. माधव आचवल वास्तुविशारद. ‘किमया’ वाचल्यावर आपल्याच घरातली भिंत आणि उजेड यांची ओळख पुन्हा करून घ्यावी लागते. श्रीनिवास कुलकर्ण्यांचा ‘डोह’ लहानपणाच्या नदीत खोल उतरला. पु. लं.नी खाण्यावर लिहिलं तेव्हा मराठी माणसाला आपली जीभ ही अभ्यासाची वस्तू आहे हे पहिल्यांदा कळलं. शांताबाई शेळक्यांचं सदरलेखन वरवर साधं दिसतं, पण एवढ्याशा जागेत गप्पांचा सूर न सोडता थांबणं ही अवघड गोष्ट त्यांना साधली होती.

इरावतीबाई कर्व्यांपाशी मात्र जरा रेंगाळावंच लागेल. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातला त्याच नावाचा लेख अनेकांनी शाळेत वाचला असेल. एका सभेत बाईंची ओळख करून दिली जाते ती अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी. त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं. रस्त्याने जाताना शाळकरी पोरं एकमेकांना दाखवतात की ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई, आणि राहिलेलं ते भरून निघतं. बस, एवढाच प्रसंग. आजची वाचक यावर चिडू शकते, आणि तिने चिडावं. इतक्या विदुषीला स्वतःच्या कामाने पूर्णता का वाटू नये? पण लेखाची ताकद अशी की चिडणाऱ्या वाचकालाही त्या रस्त्यावरचं ते क्षणभराचं हसू खोटं म्हणता येत नाही. वाटून गेलेली गोष्ट, सोयीची असो वा नसो, जशी वाटली तशी लिहायची: हे धैर्य या प्रकाराला लागतं, आणि ते दिसतं त्यापेक्षा दुर्मीळ आहे.

मग दलित आत्मकथनं आली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. त्या लाटेने ललित लेखनाला विचारलेला प्रश्न साधा होता: तुमची ही सुखं कुणाची? प्रश्न रास्तच होता. पण त्या पुस्तकांत सुख नाही असं मानणं हा आमचा आळस झाला. बेबीताई कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये वीरगावचा महारवाडा आषाढ महिन्यात घरं सारवतो, न्हातो, सणासारखा वागतो, ती पानं वाचून पाहा. वर्षभराच्या उपासमारीत तो महिना कसा उठून दिसतो हे बाई लिहितात तेव्हा न्हाणीच्या कढत पाण्याचीही किंमत कळते. अनिल अवचटांनी एका हाताने हमाल, विडी कामगार यांच्यावर लिहिलं आणि दुसऱ्या हाताने ओरिगामीवर, बासरीवर. या दोन हातांत विरोध आहे असं त्यांच्या काही चाहत्यांनाही वाटायचं. मला तो एकच हात वाटतो.

आज या सगळ्याची उठाठेव कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. उत्तर असं, की लहान सुखांचा आज बाजार भरला आहे. सकाळी फोन उघडला की सुप्रभातच्या फुलांखाली कुणीतरी सांगतं, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा. चहाच्या, बिस्किटांच्या, विम्याच्या जाहिराती तेच सांगतात. पाणी दोन दिवसांआड येतं, पगार तीन महिने थकलेला आहे, आणि माणसाला सल्ला मिळतो की खिडकीतलं ऊन बघ. लहान सुख हे मोठ्या अन्यायावरचं मलम म्हणून विकलं जातं तेव्हा त्याच्यावर लिहिणाऱ्याने तरी त्या दुकानात उभं राहू नये. २०२०च्या टाळेबंदीत आपण हे पाहिलंच: बाल्कनीतून पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात म्हणून लोक लिहीत होते, आणि त्याच दिवसांत महामार्गांवरून माणसं चालत गावी निघाली होती. दोन्ही खरं होतं. लिहिलं गेलं ते बहुतेक पहिलंच.

संशोधकांनीही या विषयाला हात घातला आहे, आणि त्यांच्या हाती लागलेलं सल्ला देणाऱ्यांच्या फार कामाचं नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास झाला. मित्राशी गप्पा, विनोद ऐकणं, न्याहारी अशा रोजच्या गोष्टींत किती सुख वाटतं हे विचारल्यावर लॉटरीवाल्यांची उत्तरं इतरांपेक्षा फिकी आली. माणसं थोडी होती, म्हणून यावर फार इमले बांधू नयेत. पण लॅमला हे ऐकून आश्चर्य वाटलं नसतं. १९८१ साली रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या कटकटी आणि रोजची सुखं यांच्या नोंदी आरोग्याशी ताडून पाहिल्या. कटकटींचा तक्रारींशी संबंध स्पष्ट दिसला. सुखांचा हिशेब मात्र सरळ लागेना. त्या गटातल्या बायकांमध्ये तर सुखं जास्त नोंदवणाऱ्यांच्या तक्रारीही जास्त निघाल्या. ज्याने ओव्या वाचल्या आहेत त्याला यात कोडं वाटणार नाही. ज्या गळ्यातून जाच येतो त्याच गळ्यातून माहेरची वाटही येते.

तर हा संग्रह. लेख निवडताना मी एकच अट धरली: सुख दिसतं तिथे त्याच्या शेजारी काम दिसलं पाहिजे. लिहिणाऱ्यांत लेखक म्हणून ओळखले जाणारे थोडे आहेत. रात्रपाळीची परिचारिका आहे, जिने पहाटे चारला वॉर्ड शांत झाल्यावर बूट काढण्यावर लिहिलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यातल्या बाईने सांगितलेला आणि तिच्या पुतणीने उतरवून घेतलेला एक लेख आहे; कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतल्यावर तापलेल्या पाण्याचा पहिला तांब्या, एवढाच त्याचा विषय. परदेशी राहणाऱ्या एका गृहस्थांनी दिवसभर दुसऱ्या भाषेत बोलून दमल्यावर गाडीत एकटं असताना मराठीत मोठ्याने शिव्या देण्याचं सुख वर्णन केलं आहे. तो लेख घ्यावा की नाही यावर घरात चर्चा झाली. घेतला.

भाषेला मी हात लावलेला नाही. ज्याने ‘भाकर’ लिहिलं त्याची ‘भाकरी’ केली नाही, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी वळणं जिथे आली तिथे राहू दिली. कात्री चालवली ती शेवटांवर. आश्चर्य वाटावं इतक्या लेखांच्या अखेरीस एक बोध येऊन बसला होता. शाळेतल्या निबंधाची सवय दुसरं काय. लेखकांना विचारून तो काढला. दोघांनी काढू दिला नाही, त्यांचे बोध शाबूत आहेत. लेखांची विभागणीही केलेली नाही. अन्न, प्रवास, नाती असे कप्पे करून पाहिले, पण मुक्कामी गाडीतल्या डब्यावरचा लेख तिन्हीत बसू लागला तेव्हा नाद सोडला. वाचकाने कुठूनही उघडावं. रात्री झोपण्याआधी एखादा वाचायला ठीक. पाठोपाठ दहा वाचले तर मात्र तोंड आंबेल, हे प्रामाणिकपणे सांगून ठेवतो.

एक लेख माझ्याच अटीत बसत नाही. लिहिणारे गृहस्थ निवृत्त आहेत. ते रोज दुपारी सोसायटीच्या कट्ट्यावर बसून समोरच्या बांधकामावरची क्रेन बघतात. त्यांना काम नाही, घाई नाही, दुखणं नाही. ज्या खुर्चीवर मी इतकं बोललो तीच ही खुर्ची. पण क्रेन चालवणारा मुलगा किती वाजता वर चढतो, डबा वरच नेतो की खाली येऊन खातो, वारा सुटला की क्रेनचा हात कधी थांबवतो, हे सगळं त्यांना माहीत आहे, आणि त्या मुलाला ते कट्ट्यावरून कधीमधी हात करतात. तो वरून उलट हात करतो असं त्यांचं म्हणणं आहे. या संग्रहाच्या कामात मला मदत करणाऱ्यांपैकी निम्म्यांना हा लेख पुस्तकातला सर्वांत चांगला वाटला आणि निम्म्यांना तो नियम मोडतो म्हणून नको होता. माझं मत दर वाचनाला बदलत गेलं. तेव्हा तो ठेवला आहे, सर्वांत शेवटी.